गरिबाच्या ताटातील मासळी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. धान्य, तेल, साखर आणि रॉकेल या त्या लढ्याच्या मुख्य चिंता होत्या, आणि दुष्काळाच्या त्या दिवसांत ते योग्यच होते. परंतु पुढील अर्धशतकातही मांस-मासळीचा प्रश्न चळवळीच्या मागणीपत्रकात क्वचितच आला. काहींना ती चैनीची वस्तू वाटली, काहींना तो विषय मांडण्याचा संकोच वाटला. महागाईविरोधी सभेत बटाट्याचा भाव तावातावाने सांगणारा कार्यकर्ता बांगड्याचा भाव सांगत नाही. घरी मात्र तो बांगडाच खात असतो.

हा संकोच वस्तुस्थितीला धरून नाही. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ या वयोगटातील मासे, कोंबडी किंवा मांस कधीच न खाणाऱ्या पुरुषांचे प्रमाण १६.६ टक्के आणि स्त्रियांचे २९.४ टक्के होते. म्हणजे देशातील बहुसंख्य माणसे कमी-अधिक प्रमाणात हे अन्न खातात. ते किती वेळा खातात, कोणते खातात आणि केव्हा सोडून देतात, हे जितके श्रद्धेवर ठरते त्याहून कितीतरी अधिक खिशावर ठरते. म्हणून हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे आणि त्याचा विचार त्या शास्त्राच्या साधनांनीच करावयास हवा.

आरंभ एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञापासून करणे सोयीचे. (नामसाम्यामुळे घोटाळा होऊ नये, हे मार्क्सचे सहकारी एंगल्स नव्हेत.) बेल्जियममधील श्रमिक कुटुंबांचे जमाखर्च तपासून त्यांनी १८५७ साली असा निष्कर्ष मांडला की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या एकूण खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. हा नियम आजवर देशोदेशी टिकून राहिला आहे. भारताच्या ग्रामीण भागात १९९९-२००० साली कुटुंबखर्चातील अन्नाचा वाटा सुमारे ५९ टक्के होता. २०११-१२ साली तो ५३ टक्क्यांच्या आसपास आला आणि २०२२-२३ च्या घरगुती खर्च पाहणीत तो ४६ टक्क्यांवर उतरला. परंतु अन्न ही एकजिनसी वस्तू नव्हे. त्याच ग्रामीण कुटुंबात धान्यावरील खर्चाचा वाटा १९९९-२००० साली २२ टक्के होता, तो २०२२-२३ साली ५ टक्क्यांच्या जवळ आला. तर अंडी, मासे व मांस यांचा वाटा ३.३ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेला. खेड्यातील माणूस धान्य विकत घेण्यासाठी जेवढा पैसा मोजतो, जवळजवळ तेवढाच आता अंडी, मासे आणि मांसासाठी मोजतो. शिधावाटप दुकानातून स्वस्त वा फुकट मिळणाऱ्या धान्याचा या आकड्यांवर प्रभाव आहे हे खरे. तरीही बदल मोठा आहे.

अर्थशास्त्रात याला उत्पन्न-लवचीकता म्हणतात. उत्पन्न शेकडा दहाने वाढले असता एखाद्या वस्तूवरील खर्च दहाहून अधिक टक्क्यांनी वाढला, तर ती वस्तू लवचीक मागणीची. धान्याची लवचीकता अत्यल्प असते. पोट भरल्यावर माणूस अधिक भाकरी खात नाही. मांस-मासळीची लवचीकता तळच्या थरात सर्वांत जास्त असते आणि वर जाताना कमी होत जाते. शेतमजुराला चार दिवस अधिक काम मिळाले की शनिवारच्या बाजारातून सुकट येते, कोंबडी येते. अधिकाऱ्याला महागाई भत्त्याचा हप्ता मिळाला म्हणून त्याच्या घरी जास्त मासे शिजत नाहीत.

त्याच्या घरी वेगळे मासे शिजतात. उत्पन्न वाढू लागले की प्रथम वजन वाढते. वजन पुरेसे झाल्यावर प्रत बदलू लागते. बांगड्यावरून सुरमईवर, सुरमईवरून पापलेटावर कुटुंब सरकते. किलोचे आकडे तेच राहतात, रुपयांचे आकडे चढतात. एस. जे. प्रेस आणि एच. एस. हौथॅकर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या कुटुंबखर्चाच्या अभ्यासात प्रतीची ही लवचीकता परिमाणाच्या लवचीकतेपासून अलग करून दाखविली होती. मांस-मासळीवरील खर्च वाढला, म्हणजे पोषण सुधारले, असे म्हणणारा सरकारी प्रवक्ता या भेदाकडे सोयीस्कर काणाडोळा करतो. शहरी सरासरीत पापलेटाचा रुपया आणि बोंबलाचा रुपया एकाच रकान्यात पडतात.

आणि सरासरीचे तरी काय? २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातील सर्वांत खालच्या पाच टक्क्यांचा दरडोई मासिक खर्च १,३७३ रुपये होता आणि शहरातील सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४ रुपये. या दोघांच्या मासळीच्या मागणीची बेरीज करून तिला दोनाने भागणे हा गणिताचा व्यायाम आहे, त्याला समाजशास्त्र म्हणता येणार नाही.

आता किमतीकडे वळू. एखाद्या वस्तूची किंमत वाढली की तिची मागणी घटते, हे शाळकरी पुस्तकातही असते. परंतु मांस-मासळीच्या बाबतीत गरिबाच्या मागणीवर सर्वांत मोठा आघात पुष्कळदा दुसऱ्याच वस्तूची किंमत करते. आल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या ग्रंथाच्या १८९५ च्या आवृत्तीत सर रॉबर्ट गिफेन यांच्या हवाल्याने एक निरीक्षण नोंदविले. पाव महागला की गरीब मजूर कुटुंबाच्या खिशाला एवढी ओहोटी लागते की त्याला मांस कमी करावे लागते. आणि पोट तर भरावयाचे असते, म्हणून ते कुटुंब महागलेला पावच अधिक खाते. पाठ्यपुस्तकांनी यातून ‘गिफेन वस्तू’ हा एक चमत्कारिक अपवाद तेवढा उचलला. पावाची किंमत वाढली आणि मांसाची मागणी पडली, हा त्यातील अधिक महत्त्वाचा अर्धा भाग मागे राहिला.

हिशेब साधा आहे. समजा, एका चौघांच्या कुटुंबाला महिन्याला अन्नासाठी ७,००० रुपये मिळतात. त्यांतील ५,८०० रुपये धान्य, डाळ, तेल, मीठ-मिरची, चहा-साखर आणि लहान मुलाच्या दुधासाठी ठरलेले आहेत; त्यांत काटछाट अशक्य. उरलेल्या १,२०० रुपयांत भाजीपाला, फळ, अंडी, मासळी आणि क्वचित मटण. आता गोडेतेल आणि डाळ यांनी महिन्याला ३०० रुपये अधिक मागितले. मासळीची किंमत पैनेही वाढलेली नाही; तरी ती ज्या रकमेतून यावयाची ती १,२०० वरून ९०० झाली, म्हणजे पाव हिस्सा गेला. घरभाडे, दवाखाना, शाळेची फी यांनी अन्नाच्या ७,००० रुपयांनाच हात घातला तरी परिणाम तोच. मासळी ही गरिबाच्या अंदाजपत्रकातील शिल्लक रकमेची वस्तू आहे, आणि शिल्लक नेहमी इतरांच्या मर्जीवर असते.

उलट बाजूने पाहिले तर शिधावाटप दुकानाचे मोल कळते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. ‘फुकट धान्यामुळे लोक आळशी झाले’ अशी तक्रार बागाईतदारांच्या ओसरीवर आणि शहरी दिवाणखान्यांत सारख्याच चवीने केली जाते. वास्तविक धान्याचे वाचलेले पैसे बाजारात जाऊन अंडी आणि मासे आणू शकतात. शिधापत्रिका ही अप्रत्यक्षपणे मासळीचीही शिधापत्रिका असते. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतातील गरीब कुटुंबांना तांदळासाठी सवलत देऊन केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. तांदूळ स्वस्त केल्यावर त्या कुटुंबांनी भात कमी खाल्ला, कारण हाती उरलेला पैसा अधिक रुचकर अन्नाकडे वळला. एकूण पोषण त्यामुळे सुधारल्याचा पुरावा मात्र त्यांना पुढील तपासात मिळाला नाही, हेही सांगितले पाहिजे. स्वस्त धान्य दार उघडते. दारापलीकडे काय मिळते हा वेगळा प्रश्न राहतोच.

या संदर्भात पुण्यातील एका जुन्या वादाची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचे मोजमाप करताना माणशी रोजचे २,२५० उष्मांक हा निकष घेतला. पां. वा. सुखात्मे यांचा दांडेकरांशी या मोजमापावरून दीर्घ वाद झाला. त्या वादाच्या तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु सुखात्मे यांचे एक प्रतिपादन आपल्या विषयाशी थेट भिडते. ज्याचे पोट धान्याने भरत नाही त्याला दिलेली प्रथिने शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. म्हणून प्रथिनांची तूट ही बहुतांशी अन्नाचीच तूट असते, असे त्यांचे म्हणणे होते. जे शरीरात घडते, तेच अंदाजपत्रकात घडते. उष्मांकांच्या रेषेवर उभ्या केलेल्या दारिद्र्यविचारात मात्र मासळीला स्वतंत्र जागा उरली नाही. ज्वारीतून उष्मांक अधिक स्वस्त मिळतात. तेव्हा बोंबील हवाच कशाला, असा त्या रेषेचा हिशेब होतो. माणूस त्या हिशेबाने जेवत नाही.

येथवर मागणीची बाजू झाली. पण ‘मांस-मासळी’ हा जो एक शब्द आपण वापरतो तो फसवा आहे. बाजारात एक उतरंड आहे: तळाशी जवळा, सुकट, सुके बोंबील, बैलाचे वा म्हशीचे मांस, कोंबडीच्या माना आणि पाय, मध्ये अंडी, ब्रॉयलर, बांगडा, तळ्यातील रोहू-कटला, वर मटण, सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी. पाठ्यपुस्तक सांगते की एक वस्तू महागली की ग्राहक पर्यायी वस्तूकडे वळतो. मधल्या थरातला ग्राहक खरोखरच वळतो. परंतु तळाच्या पायरीवर उभ्या असलेल्याची पायरीच काढून घेतली तर तो वरच्या पायरीवर चढत नाही; तो बाजारातून बाहेर पडतो. त्याचे बाहेर पडणे कोणत्याही भावफलकावर दिसत नाही. गेल्या काही दशकांत धोरणाने, निर्यातीने आणि कायद्याने नेमक्या या खालच्याच पायऱ्या काढल्या, हे या व्याख्यानाचे मुख्य सांगणे आहे.

कायद्याचे उदाहरण ताजे आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी होतीच. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेले दुरुस्ती विधेयक वीस वर्षे पडून होते; त्यास २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्या वर्षीच्या मार्चपासून बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. परराज्यातून आणलेले असे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले. कत्तलबंदी कायम राहिली. या कायद्याची चर्चा बहुतेक धर्म आणि अस्मिता यांभोवती झाली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्याने लाल मांसातील सर्वांत स्वस्त प्रकारांपैकी एक बाजारातून उचलला. मराठवाड्यातील दलित वस्त्यांत हे मांस पट्ट्या कापून उन्हात वाळवीत आणि त्या चान्या महिनोन्‌महिने पुरवीत. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या आहाराची नोंद आहे. ज्याच्याकडे शीतपेटी नाही, रोख पैसा रोज नाही, त्याची ती बचत ठेव होती. तिच्या जागी मटण येईल असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. म्हशीच्या मांसाला मोकळीक राहिली. पण तेथे गरीब गिऱ्हाइकाची गाठ परदेशी गिऱ्हाइकाशी पडते. २०१४-१५ साली देशातून सुमारे पावणेपंधरा लाख टन म्हशीचे मांस निर्यात झाले होते.

समुद्राची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, म्हणून तेथे थोडे थांबावयास हवे. कारखान्यातील वस्तूची मागणी वाढली की उत्पादन वाढविता येते. बंदरावर रोज पहाटे जेवढी मासळी उतरते तेवढीच त्या दिवसाची. ससून डॉकवर वा भाऊच्या धक्क्यावर लिलाव पुकारला जातो तेव्हा पुरवठा ठरून गेलेला असतो. भाव ठरवितात ते बोली लावणाऱ्यांचे खिसे. अशा बाजारात गरिबाला किती मासळी मिळेल हे केवळ त्याच्या उत्पन्नावर ठरत नाही, शेजाऱ्याच्या उत्पन्नावरही ठरते.

समजा, शंभर टोपल्या मासळी आहे आणि वरचा वर्ग व श्रमिक वर्ग मिळून प्रत्येकी पन्नास टोपल्या घेतात. काही वर्षांत श्रमिकांची मिळकत दहा टक्क्यांनी वाढली, वरच्या वर्गाची पन्नास टक्क्यांनी. दोघेही मासळीवर पूर्वीच्याच प्रमाणात खर्च करतात आणि टोपल्या शंभरच आहेत. मग पूर्वी ५० अधिक ५० असा जो १०० रुपयांचा व्यवहार होता तो ७५ अधिक ५५, म्हणजे १३० रुपयांचा झाला. भाव तीस टक्क्यांनी चढला. श्रमिकांच्या ५५ रुपयांत आता बेचाळीस टोपल्या येतात. मिळकत वाढूनही त्यांच्या वाट्याची मासळी शेकडा पंधरांनी कमी झाली. यात साठेबाज नाही, भेसळ नाही, कोणी लबाडी केलेली नाही. विषमता एवढेच कारण पुरले. ‘गरिबाचेही उत्पन्न वाढले ना, मग तक्रार कसली?’ असे विचारणाऱ्याला हा हिशेब जरूर दाखवावा.

वरच्या वर्गात अर्थातच परदेशी ग्राहक मोडतो. २०२३-२४ साली भारताने सुमारे १७.८ लाख टन सागरी उत्पादने निर्यात केली. मूल्य ६०,५०० कोटी रुपयांच्या घरात होते आणि त्यात गोठविलेल्या कोळंबीचा वाटा सुमारे दोनतृतीयांश. ही कोळंबी बरीचशी तळ्यात वाढविलेली असते, तेव्हा ती गरिबाच्या ताटातून गेली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अधिक गंभीर आहे ती साध्या मासळीची वाट. वाकटी सुकवून घाटमाथ्यावर जाई आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली जाई. तिचीच मोठी जात, बला, गोठवून चीनला जाऊ लागली. राणी मासा पूर्वी कोणी विचारीत नसे; आता त्याचा लगदा करून निर्यात होतो. तारली आणि इतर बारीक मासळी भुकटीच्या कारखान्यांत जाते आणि त्या भुकटीवर तळ्यातील कोळंबी पोसली जाते. गरिबाची मासळी श्रीमंताच्या मासळीचे खाद्य होते. होडीवाल्या मच्छीमाराला चार पैसे अधिक मिळतात, हा त्यातील लाभ नाकारता येणार नाही. मच्छीमार हाही श्रमिकच आहे. पण पडाव बांगड्याचा असो वा कोळंबीचा, यांत्रिक बोटींचे मालक, बर्फ कारखानदार आणि निर्यातदार यांच्यानंतर त्याचा क्रम लागतो.

बर्फाचा उल्लेख झाला, तर एक लहानसा परंतु बोलका बदल सांगितला पाहिजे. नाशवंत मालाला संध्याकाळचा भाव असे. दिवस कलला की कोळीण टोपली रिकामी करण्याच्या घाईत असे. गिरणीतून सुटलेला कामगार त्याच वेळी बाजारात येई. तो मुद्दामच त्या वेळी येई. बर्फ आणि शीतगृह मुबलक झाले तसे उरलेला माल उद्यासाठी थांबू लागला. विक्रेत्या स्त्रीचे नुकसान टळले, ही चांगली गोष्ट. आणि संध्याकाळची उतरती बोली संपत गेली. अर्थशास्त्र याला बाजाराची कार्यक्षमता वाढली असे म्हणेल. उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकाला तसे वाटण्याचे कारण नाही.

जून आणि जुलै हे पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीच्या बंदीचे महिने. त्या काळात सुक्या मासळीला मागणी येते. उन्हाळ्यात विकत घेऊन ठेवण्याइतका पैसा ज्याच्याजवळ आहे त्याला ती स्वस्त पडते. रोजंदारीवाला पावसात चढ्या भावाने आठवड्याची पुडी घेतो. मग श्रावण. श्रावण पाळण्यात श्रद्धा आहेच. पण कोकणातील शेतकरी कुटुंबाच्या हाती त्या महिन्यात रोख पैसा नसतो, हाही योगायोग ध्यानी ठेवण्यासारखा आहे. रायगड-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर पहिल्या पावसात ओढ्याने चढणारे वलगणीचे मासे, खेकडे, चिंबोऱ्या मिळतात. त्यांची किंमत कुठेच लिहिली जात नाही. ओढ्यावर बांध पडला वा शेतात औषध फवारले की जे नाहीसे होते त्याचीही नोंद होत नाही.

गोड्या पाण्यातील मासळीने काही भर घातली आहे. देशाचे एकूण मत्स्योत्पादन २०१३-१४ साली सुमारे ९६ लाख टन होते, ते २०२२-२३ साली १७५ लाख टनांवर गेले आणि या वाढीचा फार मोठा भाग तळी व जलाशयांचा आहे. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर जगणाऱ्या ढीवर समाजाला आणि पूर्व विदर्भाच्या जेवणाला या मासळीचे मोल ठाऊक आहे. किनाऱ्यावरचा माणूस तिला नाक मुरडतो, त्याला इलाज नाही.

पुरवठा खऱ्या अर्थाने लवचीक ठरला तो एकाच ठिकाणी, ब्रॉयलर कोंबडीत. पिलू सहा आठवड्यांच्या आसपास विक्रीला येते, म्हणून मागणी वाढली की महिना-दोन महिन्यांत उत्पादन वाढते. बोकडाचे तसे नाही. त्याला चराई लागते, वेळ लागतो, आणि म्हणूनच मटणाचा भाव एकदा चढला की उतरत नाही. २०१९ च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन झाले, बैठका झाल्या, प्रशासनाला लक्ष घालावे लागले. मटणाला लढाऊ गिऱ्हाईक लाभले हे मटणाचे भाग्य. सुकटीचा भाव दुप्पट झाला म्हणून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा गेल्याचे ऐकिवात नाही.

कोंबडीची मागणी केवळ किमतीवर हलत नाही, हेही दोनदा दिसले. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला आणि २०२० च्या आरंभी कोंबडीतून करोना होतो अशी अफवा पसरली. दोन्ही वेळा भाव कोसळूनही गिऱ्हाईक फिरकले नाही. भीतीपुढे स्वस्ताई चालत नाही. नुकसान झाले ते कर्ज काढून शेड बांधणाऱ्या छोट्या पोल्ट्रीवाल्याचे.

परंतु स्वस्त कोंबडीमागे स्वस्त मका आणि स्वस्त सोयापेंड आहे, आणि येथे श्रमिकांच्या दोन गटांचे हितसंबंध समोरासमोर येतात. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचे भाव क्वचितच पाहिले होते एवढे चढले. पोल्ट्रीवाल्यांनी हाकाटी केली आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास मुभा दिली. मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्याच्या हाती नवे पीक येण्याच्या तोंडाशी हा निर्णय झाला. त्याचा संताप योग्य होता. शहरी श्रमिकाचे अंडे स्वस्त करण्यासाठी लातूरच्या शेतकऱ्याचा भाव पाडावा काय? समाजवादी पक्षाने याचे उत्तर टाळू नये. उत्तर एकच संभवते: अंड्याची किंमत पाडण्याऐवजी अंडे विकत घेणाऱ्याची क्रयशक्ती वाढवावी, आणि जेथे ती वाढविता येत नाही तेथे सार्वजनिक पैशाने अंडे पुरवावे.

तामिळनाडूने शालेय भोजनात अंडे देण्याची पद्धत कित्येक वर्षे चालविली आहे. महाराष्ट्रात आदिवासी भागासाठी २०१५ साली अमृत आहार योजना सुरू झाली आणि पुढे तिच्यातून बालकांना अंडी मिळू लागली. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्याने शालेय भोजनात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले. न खाणाऱ्यास फळ. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा जादा निधी थांबविण्यात आला आणि शाळांनी लोकसहभागातून सोय पाहावी असे सुचविण्यात आले. ज्या गावात लोकसहभाग देण्याची ऐपत आहे तेथील मुलांना अंडे घरीच मिळते. ज्या पाड्यावर ते मिळत नाही, तेथे सहभाग देणार कोण?

शाळेतील अंड्याचा आणखी एक गुण आहे. ते मुलीच्या थेट हाती पडते. अर्थशास्त्र कुटुंबाला एक ग्राहक समजते. प्रत्यक्षात कुटुंबात ताटागणिक वेगळी मागणी असते. प्रारंभी उल्लेखिलेल्या पाहणीतच, आठवड्यातून एकदा तरी मासे, कोंबडी वा मांस खाणाऱ्या पुरुषांचे प्रमाण ५७.३ टक्के आणि स्त्रियांचे ४५.१ टक्के होते. या फरकात व्रतवैकल्ये आहेत, पुरुषांचे बाहेरचे खाणे आहे, आणि मधला तुकडा कोणाला व शेपटीचा कोणाला हा घरोघरचा अलिखित कायदाही आहे. किंमत वाढली की प्रथम कोणाच्या ताटातून तुकडा जातो, हे जिने तो वाढला तिला विचारल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून जे कार्यकर्ते वस्त्यांतून महागाईची पाहणी करणार आहेत त्यांनी नुसते भाव टिपून आणू नयेत. कोकणात मासळी वाट्याने विकली जाते; वाटा शंभराचाच राहतो आणि त्यातले बांगडे सहाचे चार होतात. तेव्हा वाट्यातील नग मोजावेत. मजुरीचा दिवस कोणता आणि मासळीचा दिवस कोणता, यांचा मेळ पाहावा. गेल्या वर्षी घरात येत होते आणि यंदा आले नाही असे काय, हा प्रश्न घरातील स्त्रीला विचारावा. शिजलेले किती वेळा आले, आणि तिने स्वतः किती वेळा खाल्ले, हे दोन रकान्यांत अलग लिहावे. पहिल्या महिन्याच्या नोंदी पावसाळी बंदीपूर्वी, म्हणजे मे अखेरपर्यंत हाती आल्या, तर जून-जुलैच्या नोंदींशी त्यांची तुलना करता येईल.